बाल्कनीचे अडतीस हजार

अकरा फेब्रुवारी, मंगळवार. रुपये अडुसष्ट हजार चारशे. दोन माणसांचे, तीन रात्रींचे, जहाजावरच्या खिडकीच्या खोलीसह. जबलपूरच्या राइट टाउनमधल्या ट्रॅव्हलवाल्याच्या ऑफिसात त्या वेळी हजर असलेले: मी, माझी बायको, तिची मोठी बहीण आणि त्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू. पैसे फक्त मी भरले.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती आणि बायकोनं पंचवीस वर्षांत एकच गोष्ट मागितली होती. समुद्र पाहायचा, तोही किनाऱ्यावरून नाही, मधून. मुंबईहून निघून गोव्याला थांबून परत येणारं एक जहाज होतं. दिवाळीनंतर भाऊबीज झाली की निघायचं होतं. नऊ महिने आधी पैसे भरले तर बारा टक्के सूट. मी घरून आकडे मांडून गेलो होतो.

साडूंना माझी बायको भाऊजी म्हणे, म्हणून मीही भाऊजीच म्हणे. भाऊजी त्या ऑफिसात पंख्याखालची खुर्ची पकडून बसले, चहा घेतला, माहितीपत्रक शेवटच्या पानापासून उलटं वाचलं आणि त्या पोराला विचारलं, "जहाज कब छूटता है?"

"नवंबर में, अंकल."

"तो फरवरी में पैसा काहे को?"

"अर्ली बुकिंग में बारह परसेंट छूट है ना, अंकल."

भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले, "साडूभाऊ, बारा टक्के म्हणजे सूट नाही, तो खाऊ झाला. जहाज का रिकामं जाणार आहे? शेवटच्या आठवड्यात हाच पोट्टा मले फोन करते की नाही पाहा." मग त्या पोराला, "क्यों भैया, करेगा ना फोन?"

पोरगा हसला. ताई हसल्या. माझी बायकोही हसली. मी पावतीवरचं स्पेलिंग तपासत होतो.

आणखी लिहिण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. मला भाऊजींचा हेवा वाटे. थोडाथोडका नव्हे. मला आयुष्यात फार काही नको होतं. एवढंच हवं होतं की एकदा, फक्त एकदा, माझ्या बायकोनं त्यांच्यासमोर म्हणावं, "आमच्या यांचंच बरोबर होतं."

भाऊजी रेल्वेत होते. मालधक्क्यावर कारकून म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. वेळेत न सोडवलेला माल पडून राहतो आणि शेवटी लिलावात मातीमोल जातो, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाहिलं आणि जग असंच चालतं अशी त्यांची खात्री झाली. भाजी ते सकाळी कधीच घेत नसत. संध्याकाळी आठनंतर बड्या फुहाऱ्याच्या बाजारात जायचे, खिशातून घडी केलेली कापडी पिशवी काढायची आणि भाजीवाल्यांशी गप्पा मारत उभं राहायचं. कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाचा गुडघा दुखतो, सगळं त्यांना ठाऊक. मध्येच एखादी भाजीवाली म्हणे, "ले लो भैया, दस में दो गड्डी." ते म्हणत, "अभी बाज़ार उठा नहीं है, अम्मा." अर्ध्या तासानं ती स्वतःच चार जुड्या पिशवीत कोंबे.

लग्नांत ते शेवटच्या पंगतीला बसत. आचाऱ्याला भांडी रिकामी करायची असतात, म्हणून जिलेबी वाढताना कोणी हात आखडत नाही, असा त्यांचा सिद्धांत. मी पहिल्या पंगतीला बसतो, कारण अन्न गरम असतं. घरी येताना बायको विचारे, "तुम्हाला किती मिळाल्या?" मी म्हणे, दोन. ती म्हणे, "भाऊजींनी सात खाल्ल्या."

कॅलेंडर ते फेब्रुवारीत घेत. "एक महिना तर गेलाच आहे, त्याचे पैसे काहून द्यायचे?" कूलर ऑक्टोबरात. स्वेटर होळीला. प्लॅटफॉर्मवर ते गाडी हलल्यावरच चढत. आत बसून घाम गाळण्यापेक्षा बाहेर हवा खाल्लेली बरी, असं म्हणत. एकदा नागपूरला जाताना आम्ही चौघे बरोबर होतो. ताई डब्यात, सामान डब्यात, भाऊजी भेडाघाटच्या पेढ्यावाल्याशी बोलताहेत. गाडी हलली. ते शेवटच्या दारातून चढले आणि सहा डबे चालत आमच्यापर्यंत आले, हातात पेढे. "गाडी सुटली की तो अर्ध्यात देते," म्हणाले. ताईंनी पुडा तिथेच उघडला आणि डब्यातल्या अनोळखी लोकांना वाटला.

नवी वस्तू घेतली की ते ती घेऊन आमच्याकडे येत. महाराजपुरातलं त्यांचं घर आणि अधारतालातलं आमचं, यात स्कूटरचा दहा मिनिटांचा रस्ता. दारातूनच आवाज यायचा, "ओळखा, कितीले?"

हा एक विधीच होता. वस्तू टेबलावर ठेवायची. बायको आकडा सांगायची, आमचा मुलगा आकडा सांगायचा, मीही सांगायचो, आणि मला बाजारभाव पक्का माहीत असल्यामुळे माझा आकडा नेहमी बरोबर असायचा. भाऊजी सगळ्यांचं ऐकून घेत, चहाचा घोट घेत आणि त्याच्या निम्मा आकडा सांगत. मिक्सर घ्या, चादरी घ्या, ताईंच्या कानांतल्या कुड्या घ्या. "दुकान बंद करून राहिला होता तो. म्हणे घेऊन जा भैया." बायको कपाळाला हात लावायची आणि मग माझ्याकडे पाहायची. तिच्या बघण्यात राग नसे. राग असता तर मी उत्तर दिलं असतं.

माझी पद्धत वेगळी. घरपट्टी एप्रिलमध्ये भरतो, सूट मिळते. वर्षाचे गहू हंगामात घेतो. विजेचं बिल आलं त्याच दिवशी भरतो. आणि घरात काहीही आणलं तरी बायकोला त्याची किंमत रुपया न चोरता सांगतो. संसार दोघांचा, तर हिशोबही दोघांना ठाऊक हवा. लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला मी तिला कांजीवरम आणली तेव्हा किंमत सांगितली, दुकानदारानं किती सोडले तेही सांगितलं. साडी तिला फार आवडली. ती अजून कपाटात आहे, मलमलीत गुंडाळलेली, डांबराच्या गोळ्यांसह. मायक्रोवेव्हवर क्रोशाचं झाकण असतं आणि झाकणावर देवाचा फोटो.

ताईंचं उलट. परवा आणलेली चादर आज अंथरलेली. नव्या कुड्या घालून त्या भांडी घासत. एकदा जरीची साडी नेसून त्या आमच्याकडे लोणचं घालायला आल्या. माझ्या बायकोनं त्यांना अंगावर घ्यायला जुना गाऊन दिला. "असू दे गं छोटी," ताई म्हणाल्या, "नऊशेची तर आहे. यांनी सेलमधून आणली." मी त्या साडीकडे पाहिलं. मला ती नऊशेची वाटली नाही. पण मला कपड्यातलं कळत नाही, असं बायकोचं मत होतं.

ऑक्टोबर आला. मी एकदा भरलेल्या पैशांचा भाव पुन्हा पाहत नाही, हा माझा नियम आहे. नाहीतर माणूस झोपायचा नाही. पण भाऊजींनी तिकीट काढलंय की नाही, हे मी दर रविवारी विचारत असे. "अभी बाज़ार उठा नहीं है," ते म्हणत. ताईंनी बॅग भरून ठेवली होती. दसऱ्यापासून ती पलंगाखाली होती. मला, खोटं का बोलू, मनातून वाटत होतं की या वेळी तरी जहाज भरून जावं आणि ते दोघं धक्क्यावर राहावेत. ताईंचं वाईट वाटलं असतं. पण तेवढं मी सोसलं असतं.

निघायच्या पाच दिवस आधी भाऊजींचा फोन आला. बायकोनं घेतला आणि स्पीकरवर ठेवला.

"छोटी, मिळालं बरं का! बाल्कनीची खोली!"

"बाल्कनीची? भाऊजी, कितीले?"

"ओळख."

"साठ?"

"खाली ये."

"पन्नास?"

"अडतीस. दोघायचे मिळून."

बायकोनं फोन ठेवला. गॅस बंद करायला गेली. गॅस बंदच होता.

जहाज फार मोठं होतं. आमच्या खोलीला खिडकी होती, पावतीत लिहिल्याप्रमाणे. खिडकीबाहेर संकटकाळी उतरवायची होडी टांगलेली होती, नारिंगी रंगाची, खिडकी पुरती भरून. त्या होडीच्या खाली, हाताच्या पंज्याएवढी, समुद्राची पट्टी दिसत होती. मी खाली जाऊन तक्रार केली. काउंटरवरच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की खिडकी ही खिडकीच असते, बाहेर काय आहे याची हमी पावतीत नाही. पावती मी पूर्ण वाचली होती. तिचं म्हणणं बरोबर होतं.

आम्ही दोघं वर भाऊजींच्या खोलीत गेलो. काचेचं दार सरकवलं की बाल्कनी, दोन खुर्च्या, आणि पुढे काहीच नाही, नुसतं पाणी. ताई एका खुर्चीत बसल्या होत्या, दोन्ही पाय कठड्यावर, केस सुटलेले, साडी वाऱ्यावर. मी ताईंना पंचवीस वर्षं ओळखतो, त्यांचे पाय टेबलाच्या वर कधी पाहिले नव्हते.

"ये गं छोटी," त्या म्हणाल्या. "फुकटात पडल्यासारखं आहे."

त्यानंतर माझी बायको तीन दिवस बहुतेक तिथेच होती. आमच्या खोलीत ती झोपायला येई आणि झोपत नसे. "एका तासाचे किती पडले हो?" तिनं पहिल्या रात्री विचारलं. मी सांगितलं. हिशोब मी आधीच केलेला होता. ती उठून बसली. "मग झोपून कसं चालेल?" जेवायला गेली की ताटात इतकं वाढून घेई की मला तिच्याकडे पाहवत नसे. तिसऱ्या गुलाबजामला तिचा चेहरा कष्टी झाला. "वसूल नको का व्हायला?" म्हणाली. भाऊजी आणि ताई पलीकडच्या टेबलावर एकाच वाटीतलं आइस्क्रीम खात होते आणि निम्मं टाकून उठले.

गोव्याहून परतताना भाऊजी माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "साडूभाऊ, मजा येऊन राहिली ना?" मी म्हणालो, हो. डोक्यात एकच आकडा होता: अडुसष्ट चारशे वजा अडतीस, तीस हजार चारशे. पैशांची झळ होती, पण त्याहून वाईट हे की आता बायको कधीच माझं बरोबर म्हणणार नव्हती. ती आयुष्यभर ती नारिंगी होडी लक्षात ठेवणार होती.

जबलपूरला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी एकटा ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो. आवाज चढवायचा नाही, असं ठरवून गेलो होतो. म्हणालो, नऊ महिने आधी पैसे भरणाऱ्याला अडुसष्ट आणि पाच दिवस आधी येणाऱ्याला अडतीस, तेही बाल्कनीसकट, हा व्यवहार कोणत्या नियमात बसतो ते दाखवा. नाहीतर फरक परत करा.

पोरगा गोंधळला. "अड़तीस किसने बोला, अंकल?"

"मेरे साढू ने. आप ही ने दिया."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. ऑफिसात आणखी कोणी नव्हतं. "अंकल, आप घर के आदमी हो, इसलिए बता रहा हूँ. उन्होंने मना किया था. दिवाली की छुट्टी थी, आख़िरी हफ्ते में सब भर जाता है. डिस्काउंट कहाँ से आता? दो ही बालकनी बची थीं." मग म्हणाला, "एक लाख छह हज़ार दिया उन्होंने. आपका तो सबसे सस्ता पड़ा, अंकल."

आयुष्यात जे वाक्य ऐकायचं होतं ते मला त्या दिवशी ऐकायला मिळालं. म्हणणारा ट्रॅव्हलवाल्याचा पोरगा होता, एवढाच फरक.

मी संध्याकाळी थेट बड्या फुहाऱ्याला गेलो. भाऊजी वांग्यांच्या ढिगापाशी पिशवी घेऊन उभे होते.

"एक लाख सहा हजार, भाऊजी?"

त्यांनी एक वांगं देठाला धरून फिरवून पाहिलं. "त्या पोट्ट्यानं सांगितलं वाटते. मी त्याले मना केलं होतं."

"मग अडतीस कशाला सांगितले?"

"खरं सांगू? मी वाट पाहून राहिलो होतो की पडते भाव. पडला नाही ना. चढला. मंग काय करू? हिनं बॅग भरून ठेवली होती."

"ते कळलं. पण अडतीस का?"

भाऊजींनी वांगं परत ठेवलं. "लग्नानंतर पहिल्या थंडीत मी तिच्यासाठी शाल आणली होती. खरी किंमत सांगितली. अर्ध्या पगाराची होती. तिनं अशी हातात घेतली, गालाले लावली आणि पेटीत ठेवून दिली. थंडी गेली, दुसरी थंडी गेली. विचारलं की म्हणे, काढीन ना, चांगल्या दिवशी काढीन. शेवटी काढली तं कसर लागली होती." ते हसले. "तवापासून मी तिले निम्म्याच्या वर काही सांगितलंच नाही. एक लाख सांगितले असते तं ती बाल्कनीत बसली असती काय? दार लावून आत बसली असती, वाऱ्यानं काही खराब नको व्हायले म्हणून."

मी उभ्या उभ्या मागची सगळी वर्षं उलटी मोजू लागलो. मिक्सर, चादरी, कुड्या, नऊशेची जरीची साडी. प्रत्येक वेळी माझा आकडा बरोबर होता. प्रत्येक वेळी.

"आणि ही भाजी?" मी विचारलं. "हीसुद्धा?"

"भाजी खरंच स्वस्त मिळते," भाऊजी दुखावल्यासारखे म्हणाले. "भाजीत काहून खोटं बोलू?"

मी घरी जाऊन सांगणार आहे, हे त्यांना दिसलं असावं. ते म्हणाले, "सांगायचं असलं तं सांगा साडूभाऊ. पण आज नका सांगू. आज ती फोटो घेऊन शेजारणीकडे बसली आहे."

मी त्या दिवशी सांगितलं नाही आणि नंतरही नाही. यात माझा मोठेपणा काढू नये. मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या होत्या. अडतीस हजार खरे धरले, तर भाऊजी माझ्यापेक्षा हुशार. एक लाख सहा हजार खरे धरले, तर बायको म्हणणार, "पाहा, ताईसाठी त्यांनी लाख रुपये टाकले आणि तोंडातून ब्र काढला नाही. नाहीतर आमच्याकडे तासाचा भाव सांगतात." कुठल्याही रकान्यात माझी बाजू शिलकीत येत नव्हती. आधी मला त्यांच्या स्वस्ताईचा हेवा वाटे; त्या संध्याकाळनंतर तो संपला आणि दुसरा सुरू झाला. हा दुसरा जास्त त्रास देतो, कारण त्याला आकडा नाही.

गेल्या वर्षी भाऊजी आणि ताई हैदराबादला मुलाकडे राहायला गेले. घर विकलं, तेही मुलाच्या धाकानं लवकर. आणखी थोडं थांबलो असतो, अशी भाऊजींची तक्रार होती. स्टेशनवर पोहोचवायला गेलो तेव्हा गाडी हलेपर्यंत ते खाली माझ्याशी बोलत उभे राहिले. मग चढले. आमच्या दारातून "ओळखा, कितीले?" असा आवाज येणं बंद झालं. आमचा मुलगा म्हणाला, "पापा, घर एकदम शांत हो गया ना?" मला ते बरं वाटायला हवं होतं.

यंदाच्या लग्नाच्या वाढदिवसाला, दहा मे, शनिवारी, मी बड्या फुहाऱ्याजवळच्या दुकानातून बायकोसाठी साडी घेतली. जांभळी, बारीक बुट्ट्यांची. बिल दुकानातच सोडलं. घरी येईपर्यंत मी वाक्य तीनदा मनात म्हणून पाहिलं, कारण मला सवय नाही.

"सेल होता," मी म्हणालो. "दोन हजार चारशेला पडली."

बायकोनं साडी उलगडली, पदर पाहिला, दोन बोटांत कापड चोळलं.

"दोन हजार चारशे?" ती म्हणाली. "भाऊजी असते तर दीड हजारात आणली असती."

आणि त्याच संध्याकाळी ती साडी नेसून, पदर खोचून, भजी तळायला उभी राहिली. तेल उडत होतं.

शेवटी दिलेले: रुपये सहा हजार दोनशे, रोख, दुकानाच्या मालकाला. हजर: मी एकटा.